सामर्थ्य की सोशिकपणा? अमेरिकन कादंबरीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया वाचताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : लघुप्रबंधाचा विषय ‘अमेरिकन कादंबरीतील कृष्णवर्णीय स्त्रियांचं शोषण आणि सामर्थ्य’ असा मंजूर झालाय. एक प्रकरण शोषणाचं, दुसरं सामर्थ्याचं, असा आराखडाही झाला. पण कादंबऱ्या वाचायला घेतल्यावर ती अडली. तिचे शब्द असे : “प्रत्येक पुस्तकात तिला मारतात, विकतात, मुलं हिरावून घेतात, आणि तरीही ती उभी राहते म्हणून आपण तिला ‘स्ट्राँग’ म्हणतो. हे सामर्थ्य आहे, की आपण तिच्या सोसण्याचंच कौतुक करतोय?” शिवाय कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात आणि मराठीतल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांशी तुलना केली तर चालेल का, असेही दोन प्रश्न आहेत.

मी पंचवीसेक वर्षं पदव्युत्तर वर्गाला अमेरिकन साहित्य शिकवते आहे. या विषयावरचे कितीतरी लघुप्रबंध माझ्या हातून गेले, आणि तुमची शंका ज्यांना आली त्यांचंच काम पुढे चांगलं झालं. तेव्हा ती अडचण समजू नका, तोच तुमचा विषय आहे. बहुतेकांचं काम फसतं ते आराखड्यातच. एका प्रकरणात अत्याचारांची यादी येते, दुसऱ्यात हिमतीची, आणि मध्ये ‘तरीही’ नावाचा एक पूल असतो. त्या ‘तरीही’वर सगळा डोलारा उभा राहतो. जणू शोषण ही बाहेरून आलेली आपत्ती आणि सामर्थ्य ही तिच्या आत आधीपासून असलेली ठेव. कृष्णवर्णीय लेखिकांच्या कादंबऱ्यांत दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात, कधी एकाच वाक्यात असतात. त्यामुळे ‘ती किती ताकदवान आहे’ असं न विचारता ‘तिने ताकदवान असावं ही गरज कोणाची आहे’ असं विचारा. मी वर्गात तेच विचारते.

आपल्या भाषेत यासाठी एक फार उपयोगी शब्द आहे : सोशिक. दरवर्षी मी वर्गाला ‘स्ट्रेंथ’साठी मराठी शब्द द्यायला सांगते. फळ्यावर ताकद, हिंमत, धीर, खंबीरपणा, चिवटपणा, सोशिकपणा असे शब्द जमतात. मग विचारते, यातले पुरुषाला कोणते लावाल? ‘सोशिक’ लगेच बाजूला पडतो. ‘जावई फार सोशिक मिळाला’ असं कोणी म्हणत नाही. ‘सून फार सोशिक आहे हो’ हे मात्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते कौतुक करणाऱ्याच्या किती सोयीचं आहे हेही मुलींना चटकन कळतं. कादंबरी वाचताना हा शब्द शेजारी ठेवा. एखाद्या पात्राला समीक्षक ‘स्ट्राँग’ म्हणतो तेव्हा त्याला खरोखर खंबीर म्हणायचंय की सोशिक, हे दर वेळी तपासा.

आता याचं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते. पहिली गोष्ट, लिहिणारा कोण. गोऱ्या लेखकांच्या कादंबऱ्यांत बळकट कृष्णवर्णीय बाई फार आधीपासून आहे. १९३६च्या ‘गॉन विथ द विंड’मधली मॅमी धिप्पाड, करारी, घर सांभाळणारी आहे, पण तिला स्वतःचं नावसुद्धा नाही. ‘मॅमी’ हे तिचं काम आहे, तेच तिचं नाव. विल्यम फॉक्नरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’मधली (१९२९) डिल्सी हे याहून कितीतरी खोल, आदराने घडवलेलं पात्र आहे. कोसळत चाललेलं गोरं कॉम्पसन कुटुंब तीच धरून ठेवते. पुढे १९४६मध्ये छापलेल्या परिशिष्टात फॉक्नरने तिच्या नावाखाली दोनच शब्द लिहिले, ‘दे एन्ड्युअर्ड’. त्यांनी सोसलं, ते टिकले. हे गौरवाचे शब्द आहेत, मला ते आवडतातही. पण डिल्सीची सगळी ताकद खर्च होते ती दुसऱ्यांच्या घरासाठी. तिच्या स्वतःच्या घरात रात्री काय बोललं जातं, याला त्या कादंबरीत फार थोडी जागा आहे. कृष्णवर्णीय लेखिकांनी ती जागा मोठी केली.

दुसरी गोष्ट काळाची. गुलामगिरीतली बाई, उत्तरेकडे नावापुरती मुक्त असलेली बाई आणि १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी बाई, या तिघींवरचा जुलूम सारखा नाही. सगळ्यांना एकाच ‘शोषण’ या शब्दात कोंबलंत तर हाती काहीच लागणार नाही.

काळाचा मुद्दा कायद्यापासून सुरू करा. १६६२ साली व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या प्रथेत ते बापावरून ठरत असे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मालकाने गुलाम स्त्रीवर बलात्कार केला तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा. १८०८पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी आली, तसं तिच्या कुशीचं मोल बाजारात आणखी वाढलं. या कादंबऱ्यांत आईपण इतकं मध्यभागी का, आणि ते इतकं दुखरं का, याचं उत्तर या कायद्यात आहे. हे माहीत नसलं की विद्यार्थी ‘मातृत्वाची महानता’ वगैरे लिहून मोकळे होतात.

हॅरिएट जेकब्सचं १८६१चं आत्मकथन कादंबरी नव्हे, पण पायाचा दगड म्हणून ते वाचाच. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ही बाई नॉर्थ कॅरोलिनात आजीच्या घराच्या छपराखालच्या एका पोकळीत जवळजवळ ७ वर्षं लपून राहिली. ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी ३ फूट. उभं राहणं अशक्य. हाती लागलेल्या एका गिरमिटाने तिने फळीला भोकं पाडली आणि त्यातून खाली खेळणारी आपली मुलं पाहत राहिली. तीच लिहिते की गुलामगिरी पुरुषांसाठी भयानक आहे, पण स्त्रियांसाठी त्याहून कितीतरी भयानक. आता हे सामर्थ्य की कैद? तिने कैद स्वतः निवडली, मालकाने दिलेली नाकारली. ‘सामर्थ्य’ म्हणजे काय हे ठरवताना त्या भोकांएवढी अचूक जागा शोधायची असते.

मुख्य कादंबरी म्हणून टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) घ्या, असं मी सांगेन. गोष्ट १८७३च्या सुमाराची, सिनसिनाटी शहरातली. सेथा गुलामगिरीतून पळून आलेली आहे. अठरा वर्षांनी तिचा जुना सोबती पॉल डी दारात येतो. स्वयंपाकघरात पीठ मळता मळता ती त्याला तेव्हाचं सांगते. ती गरोदर होती, अंगावर पाजत होती. मालकाच्या तरुण भाच्यांनी तिला दाबून धरून तिचं दूध पिळून घेतलं. तिने मालकिणीला सांगितलं, म्हणून पाठ फोडून काढली. पॉल डी हादरून विचारतो, “चाबकाने मारलं तुला?” ती म्हणते, “आणि माझं दूध घेतलं त्यांनी.” तो पुन्हा, “पोटुशी असताना मारलं?” ती पुन्हा, “आणि माझं दूध घेतलं त्यांनी!”

हा उतारा मी वर्गात दोन मुलांना उभं करून मोठ्याने वाचायला लावते. बहुतेक वेळा तिसऱ्या वाक्याला वर्ग शांत होतो. पॉल डी वाईट नाही, तो तिच्यावर जीव टाकणारा माणूस आहे. पण अत्याचार म्हणजे काय हे तो त्याच्या मापाने मोजतोय : चाबूक, जखम, रक्त. तिच्या लेखी खरी लूट दुधाची आहे. ते दूध आधीच पुढे पाठवलेल्या तान्ह्या मुलीसाठी होतं, आणि ती ते पोचवायला निघाली होती. तुमच्या ‘शोषण’ आणि ‘सामर्थ्य’ या दोन प्रकरणांपैकी हा प्रसंग कुठे टाकाल? त्याच वाक्यात तिला लुटलंय, आणि त्याच वाक्यात काय लुटलं हे ठरवण्याचा हक्क ती सोडत नाही. माझ्या मते तिचं सामर्थ्य इथे आहे. चाबूक सोसण्यात नाही, ‘आणि’ या शब्दात आहे.

याच ठिकाणी झाडाचा मागोवा घ्या. सेथाच्या पाठीवरचे वळ भरून आले तेव्हा त्यांचा आकार झाडासारखा झाला. खोड, फांद्या, पानं, रानचेरीचं झाड. हे तिने स्वतः कधी पाहिलेलं नाही. पळताना भेटलेल्या एमी डेन्व्हर नावाच्या गरीब गोऱ्या मुलीने तिला तसं सांगितलं, आणि ती तेच सांगत आली. पॉल डी आधी त्या झाडावर गाल टेकवतो, आणि थोड्याच वेळाने मनात म्हणतो की हे कसलं झाड, हा तर किळसवाणा व्रणांचा गठ्ठा. कोण खरं? मॉरिसन दोन्ही ठेवते. जखमेला सुंदर नाव दिलं म्हणून ती जखम राहत नाही असं नाही. ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’ हे नाव काहीसं त्या झाडासारखंच आहे. कधी ते नाव जीव वाचवतं, कधी ते व्रण झाकतं.

योगायोग म्हणा की परंपरा म्हणा, इतर दोन मोठ्या कादंबऱ्यांतही झाड आहे. झोरा नील हर्स्टनच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये (१९३७) सोळा वर्षांची जेनी बहरलेल्या नासपतीच्या झाडाखाली पडून मधमाश्या पाहते, आणि आयुष्यात आपल्याला काय हवंय हे तिला तिथे पहिल्यांदा कळतं. अॅलिस वॉकरच्या ‘द कलर पर्पल’मध्ये (१९८२) नवरा मारतो तेव्हा रडू येऊ नये म्हणून सीली स्वतःलाच लाकूड करून घेते, मनात म्हणते, सीली, तू झाड आहेस. तिसरं झाड सेथाच्या पाठीवरचं. एक इच्छेचं, एक बधिरपणाचं, एक जखमेचं. या तीन झाडांवर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं, आणि ते ‘शोषण’ किंवा ‘सामर्थ्य’ यांपैकी कुठल्याही एका खणात बसणार नाही.

‘बिलव्हेड’च्या मागची खरी घटनाही थोडक्यात यायला हवी. जानेवारी १८५६मध्ये मार्गारेट गार्नर नावाची स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीला आली. पकडायला माणसं आली तेव्हा मुलं परत गुलामगिरीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीला मारलं. गुलामगिरीविरोधी लोकांची इच्छा होती की तिच्यावर खुनाचा खटला चालावा, कारण खून माणसाचाच होतो. खून म्हटलं की ती मुलगी माणूस होती हे कोर्टाला मान्य करावं लागलं असतं. तसं झालं नाही. पळालेल्या गुलामांच्या १८५०च्या कायद्याने तिला मालमत्ता म्हणून परत पाठवलं. मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक असताना एका संग्रहाचं काम करत होती, तेव्हा ही बातमी तिच्या हाती लागली. कादंबरीत सेथाही आपल्या मुलीला मारते. ते कृत्य धैर्य आहे की वेडेपणा की प्रेम, याचा निवाडा मॉरिसन देत नाही. तुम्हीही देऊ नका. ‘त्यागमूर्ती’ हा शब्द वापरायचा मोह होईल, तोही आवरा.

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रसंग मात्र ‘सुला’ (१९७३) या मॉरिसनच्याच छोट्या कादंबरीत आहे. ईव्हा ही सुलाची आजी, नवऱ्याने टाकलेली, तीन मुलं एकटीने वाढवलेली. मुलांना शेजारणीकडे ठेवून गेली आणि दीड वर्षाने एक पाय गमावून, पैसे घेऊन परत आली. गावात म्हणतात, आगगाडीखाली पाय घालून तिने भरपाई मिळवली. ‘स्ट्राँग’ म्हणावं तर हिलाच. तिची मोठी झालेली मुलगी हॅना एक दिवस भांडं आणि घेवड्याच्या शेंगा घेऊन आईच्या खोलीत येते आणि विचारते, आई, तू कधी आमच्यावर प्रेम केलंस का? ईव्हा चिडते. हॅना पुन्हा, कधी आमच्याशी खेळलीस का? उत्तर येतं : खेळणं? १८९५ साली कोणी खेळत नव्हतं. आणि मग, अगं, मी तुमच्यासाठी जिवंत राहिले.

हॅनाचा प्रश्न निर्दयी वाटतो, पण अन्यायाचा नाही. ईव्हाचं उत्तरही खरं आहे. जगण्याच्या धडपडीने प्रेमाची जागा खाऊन टाकली आणि धडपड हेच प्रेम आहे असं आईला वाटत राहिलं. मुलीला ते कधी पोचलंच नाही. सामर्थ्याची किंमत कोण मोजतं याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि ते घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता येतं. एका वर्षी हा तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी बाहेर थांबली आणि एवढंच म्हणाली, “मॅडम, माझी आईपण कधी खेळली नाही.” ती ऊसतोड कामगाराची मुलगी होती. तिच्या आईला जिल्ह्यातल्या एका संस्थेने ‘आदर्श माता’ म्हणून पुरस्कार दिला होता.

‘द कलर पर्पल’ बहुतेक जण ‘दबलेली बाई ते स्वतंत्र बाई’ असा सरळ जिना करून वाचतात. तसा जिना आहेही. सुरुवातीला सीली लिहिते की मला लढता येत नाही, मला फक्त जिवंत राहता येतं. शेवटाकडे नवऱ्याच्या तोंडावर ती म्हणते, मी गरीब आहे, काळी आहे, कुरूप असेन, स्वयंपाकही येत नसेल, पण मी आहे. पण सोफियाला विसरू नका. सोफिया अंगाने, मनाने दणकट आहे. बापाशी, भावांशी, चुलत्यांशी लढतच मोठी झाली. महापौराची बायको तिची नीटनेटकी मुलं पाहून मोलकरीण म्हणून येशील का विचारते, तेव्हा ती साफ नाही म्हणते. महापौर तिला चापट मारतो आणि ती उलट त्याला पाडते. पोलीस तिची कवटी, बरगड्या फोडतात, एक डोळा जातो, तुरुंगात धुण्याला जुंपतात. सीली विचारते, कशी तगतेस गं? सोफिया म्हणते, काही सांगितलं की मी तू असल्यासारखी वागते, उठते आणि सांगितलेलं करते.

हे वाक्य पुन्हा वाचा. ताकदवान सोफिया तगते ती दबलेल्या सीलीची नक्कल करून. म्हणजे ज्याला आपण दुबळेपणा म्हणत होतो तेही एक कसब होतं, आणि ज्याला ताकद म्हणत होतो ती गोऱ्यांच्या गावात एका दुपारी चिरडली गेली. दोघी एकमेकींकडून शिकतात. सुटका एकटीच्या हिमतीने होत नाही. बहिणीची पत्रं, गायिका शुग एव्हरीचा स्नेह, फाटक्या पडद्यांची सीली-सोफियाने मिळून शिवलेली गोधडी आणि मग सीलीचा विजारी शिवण्याचा धंदा, यातून ती होते. ‘बिलव्हेड’मध्येही शेवटी घरासमोर गावातल्या तीस बायका जमतात तेव्हाच सेथाच्या मारलेल्या मुलीचं परत आलेलं भूत निघून जातं. या कादंबऱ्यांत बाई एकटी ताकदवान असते तेव्हा गोष्ट बहुतेक वेळा दुःखाने संपते, हे निरीक्षण तुमच्या प्रबंधाचा कणा होऊ शकतं.

उलट बाजूची साक्ष हवी असेल तर अॅन पेट्रीची ‘द स्ट्रीट’ (१९४६) घ्या. ल्यूटी जॉन्सन कष्टाळू, हुशार, स्वाभिमानी आहे. मेहनतीने माणूस वर येतो यावर तिचा ठाम विश्वास आहे. हार्लेममधल्या ११६व्या रस्त्यावर लहान मुलाला घेऊन ती राहते. लागतं ते सगळं तिच्याकडे आहे, फक्त आधाराला कोणी नाही. शेवट सांगत नाही, पण ती हरते, आणि तिच्या कुठल्याही कमतरतेमुळे हरत नाही. भाडं, पगार, पुरुषांची नजर आणि वर्णभेद यांनी मिळून तिला कोंडीत पकडलेलं असतं. सामर्थ्याचा गौरव करणाऱ्या प्रबंधात ल्यूटी बसत नाही, म्हणूनच तिला घ्यायला हवं.

आणि टोनी केड बंबाराची ‘द सॉल्ट ईटर्स’ (१९८०) जमली तर. वाचायला अवघड आहे, वेळ कमी असेल तर पहिला भाग तरी. व्हेल्मा हेन्री ही चळवळीतली कार्यकर्ती, सगळ्यांचं सगळं निस्तरणारी. तिने आत्महत्येचा प्रयत्न केलाय. उपचार करणारी म्हातारी मिनी रॅन्सम तिला पहिल्यांदा विचारते : पोरी, तुला खरंच बरं व्हायचंय ना? कारण बरं होणं म्हणजे पुन्हा सगळं ओझं उचलणं नव्हे, हे व्हेल्माला ठाऊकच नाही. कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका मिशेल वॉलेसने १९७०च्या दशकाच्या शेवटी ‘सुपरवुमन’च्या मिथकावर पुस्तक लिहून वाद ओढवून घेतला, तो याच सुमाराला. त्याआधी १९६५मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या अडचणींचं खापर मातृसत्ताक घरांवर फोडलं होतं. म्हणजे तीच ताकद एकाच्या तोंडी स्तुती आणि दुसऱ्याच्या तोंडी आरोप. हा संदर्भ प्रस्तावनेत दीड पानात द्या, जास्त नको.

एका टीकेला तयार राहा : या लेखिका आपल्याच समाजातल्या पुरुषांना वाईट रंगवतात. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो. वॉकरवर हा आरोप झाला, १९८५च्या चित्रपटानंतर तर फारच. हर्स्टनची कादंबरी आली तेव्हा कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइटने तिच्यात गंभीर आशयच नाही असं लिहिलं होतं, कारण त्याला हवा असलेला गोऱ्यांविरुद्धचा संघर्ष तिच्यात समोर नव्हता. पण जेनीची आजी तिला काय सांगते ते पाहा. गोरा माणूस ओझं टाकतो आणि काळ्या माणसाला उचलायला सांगतो. तो ते उचलतो, पण वाहत नाही, आपल्या बायकांच्या हवाली करतो. काळी बाई ही जगाची खेचरी आहे. या एका बोलण्यात वर्ण आणि लिंग दोन्ही जुलूम एकाखाली एक दाखवलेत, कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९मध्ये त्यासाठी ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा घडवली त्याच्या बावन्न वर्षं आधी. आणि जेनीचा दुसरा नवरा जो स्टार्क्स, गावाचा महापौर, तिला मारहाणीपेक्षा एका फडक्याने बांधतो. तिचे केस दुसऱ्या पुरुषांनी पाहू नयेत म्हणून दुकानात ते बांधून ठेवायला लावतो. तो मरतो तेव्हा ती आधी आरशासमोर जाऊन ते फडकं सोडते.

आता आराखडा. मी असते तर प्रकरणं पात्रांच्या गुणांवर बेतली नसती, प्रश्नांवर बेतली असती. तिला ‘ताकदवान’ कोण म्हणतं? तिच्या ताकदीवर कोणाचं घर चालतं? आणि ती थकली तर तिचं ऐकायला कोणी आहे का? कादंबऱ्या तीनच घ्या. ‘बिलव्हेड’, ‘द कलर पर्पल’ आणि तिसरी ‘द स्ट्रीट’ किंवा ‘सुला’. साठ-सत्तर पानांत सहा कादंबऱ्या म्हणजे सहा कथासार, बाकी काही नाही. पीएच.डी. असती तर हर्स्टनपासून जेस्मिन वॉर्डपर्यंत जायला सांगितलं असतं. वॉर्डच्या ‘सॅल्व्हेज द बोन्स’मधली (२०११) कत्रिना वादळाच्या तोंडावरची पंधरा वर्षांची गरोदर एश ही सेथाची थेट वारस आहे.

भाषेची भीती बाळगू नका. सीलीचं इंग्रजी चुकीचं नाही, ते तिच्या माणसांचं बोलणं आहे. आपल्याकडे वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोली छापील मराठीत पकडताना जे होतं तेच. डोळ्यांनी अडलं तर कानांनी ऐका. ‘बिलव्हेड’ मॉरिसनने स्वतः वाचलंय, हर्स्टनची कादंबरी अभिनेत्री रूबी डीने. मराठीत लिहिताना जुन्या पुस्तकांतला ‘निग्रो’ हा शब्द अवतरणाबाहेर वापरू नका. ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहा.

तुलनेबद्दल : नातं खरं आहे. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६मध्ये आफ्रिकन-अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२च्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलं. बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथनं वाचलेल्या मुलीला सीली परकी वाटत नाही, हे मी दरवर्षी पाहते. पण दोन अडचणी आहेत. आत्मकथन आणि कादंबरी एकाच तराजूत घालता येत नाहीत, आणि जात म्हणजे वर्ण नव्हे. मालकाने विकण्याची भीती आणि पाणवठ्यावरून हाकलण्याचा अपमान यांची घडण वेगळी आहे. एम.ए.च्या पानांत तुलना हे स्वतंत्र प्रकरण करू नका. एक-दोन ठिकाणी, जिथे प्रसंगच प्रसंगाला हाक मारतो तिथे, परिच्छेदभर येऊ द्या.

मंजूर शीर्षक बदलायला गाइड तयार नसतील तर शीर्षक राहू द्या, प्रकरणं बदला. त्यांना पटवायला सिद्धांत नको. ‘सुला’मधलं ते शेंगांचं पान घेऊन जा, त्यांच्या टेबलापाशी उभं राहून मोठ्याने वाचा, आणि ईव्हाला कोणत्या प्रकरणात घालू, एवढंच विचारा.